पिशवी घरी आणि आपण दुकानात : वापरून फेकायच्या पिशव्या सोडताना

उनाड_दुपार

दुकानातून मिळणाऱ्या पातळ पिशव्या घ्यायच्या नाहीत असं आमच्या घरात ठरलं त्याला बराच काळ झाला, म्हणजे सुरुवातीचा उत्साह ओसरून आता जे काही उरलंय तीच खरी सवय म्हणायची. प्लॅस्टिक वाईट वगैरे इथे कोणाला पटवायचं नाहीये, ते सगळ्यांना पाठ आहे. बोलायचंय ते त्यापुढचं, की पिशवी बदलायची म्हणजे नक्की काय करायचं, कारण या विषयावर जे सल्ले फिरतात त्यातले निम्मे 'ही सुंदर पिशवी विकत घ्या' इथेच संपतात.

माझं मत आधीच सांगते म्हणजे भांडायला बरं पडेल :) नवीन पिशवी घेऊ नका. घरात आहेत त्या काढा. कुठल्यातरी कार्यक्रमात मिळालेली, कंपनीचं नाव छापलेली, लॅपटॉपची जुनी बॅग, शाळेचं दप्तर, सगळं चालतं. आणि हो, साठलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा. त्या एकदम कचऱ्यात ओतून 'आजपासून प्लॅस्टिकमुक्त' म्हणण्यात काय हशील आहे, त्या बनून झाल्यात, फाटेपर्यंत वापरा.

जाता जाता, ही बनियनच्या आकाराची पिशवी ज्यांनी काढली ते स्टेन गुस्टाफ थुलिन नावाचे स्वीडिश इंजिनियर, सेलोप्लास्ट कंपनीत होते, १९६५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलंय की वडील स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवायचे आणि परत परत वापरायचे. ज्याने बनवली तो फेकत नव्हता, आपण फेकायला लागलो. माझं सगळं म्हणणं यातच आलं, पिशवी कशाची आहे ते नंतर बघा, आधी ती किती वेळा घराबाहेर पडते ते बघा.

तर तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा, विसरण्यावर काय उपाय, धुता का, ओल्या सामानाचं काय, कचऱ्याच्या डब्यात काय घालता (हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा वाद).

निमूट

+१. वाचतोय.

शंकेखोर

धागा चांगला आहे पण कापडी पिशवीच्या आरत्या सुरू व्हायच्या आत एक आकडा टाकून ठेवतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०१८ मध्ये अभ्यास केला होता, त्यात सेंद्रिय कापसाची पिशवी २०,००० वेळा वापरली तरच ती साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. साध्या कापसाची ७,१००. रोज एकदा वापरली तर २०,००० म्हणजे जवळपास ५५ वर्षं. कोणाकडे आहे ५५ वर्षं टिकलेली पिशवी? मग नक्की कोण पर्यावरणाचं भलं करतंय?

तिरकी_मान

आमच्या आजोबांची आहे, पण ती आम्ही घाबरून बाहेरच काढत नाही. हलके घ्या.

सुतारपक्षी_२

शंकेखोर, हा आकडा मीही खूप ठिकाणी वाचलाय आणि प्रत्येक वेळी अर्धाच सांगितलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

तो अभ्यास जीवनचक्राचा आहे, म्हणजे कच्चा माल, कारखाना, वाहतूक आणि शेवटी जाळणं वगैरे सगळं धरून एकेका पिशवीचा परिणाम काढायचा. आता परिणाम म्हणजे एक गोष्ट नाही, त्यांनी बरेच निकष घेतलेत, हवामान, पाणी, ओझोनचा थर, जमिनीचं आम्लीकरण असे. २०,००० हा आकडा त्यातल्या सगळ्यात वाईट निकषाचा आहे, आणि तो निकष ओझोनचा. फक्त हवामानबदलाचा निकष घेतला तर त्याच अहवालात साध्या कापसाची पिशवी ५२ वेळा आणि सेंद्रिय कापसाची १४९ वेळा. आठवड्यातून एकदा वापरली तर पहिली वर्षभरात वसूल, दुसरी तीन वर्षांच्या आत. माझ्याकडची एक पिशवी याहून जुनी आहे आणि ती काही खास नाही.

सेंद्रिय कापूस एवढा मागे का पडला, तर एक म्हणजे त्याचं एकरी उत्पन्न कमी धरलंय, आणि दुसरं, त्यांनी घेतलेली पिशवी आकाराने लहान होती म्हणून एका प्लॅस्टिकच्या पिशवीच्या जागी अशा दोन धरल्या. झाला ना आकडा तिथेच दुप्पट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिशवी उडून नाल्यात किंवा समुद्रात गेली तर काय होतं हे त्या हिशोबात नाहीच. त्यांच्याकडे कचरा गोळा होतो आणि जाळून ऊर्जा काढतात, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते चालून गेलं. पण बांगलादेशने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली (जगात असं करणारा पहिला देश), ती कार्बनसाठी नव्हती, तिथल्या मोठ्या पुरांमध्ये पिशव्यांनी गटारं तुंबली म्हणून होती. तुंबलेल्या गटाराला कुठल्या निकषात बसवणार?

शंकेखोर

ओझोनचं माहीत नव्हतं, ते बरं सांगितलंत. पण ब्रिटनचाही अभ्यास आहे की, त्यात कापसाचा आकडा १३१ आहे आणि तो फक्त हवामानाचा. ५२ आणि १३१ यात केवढा फरक! मग विश्वास कोणावर ठेवायचा?

सुतारपक्षी_२

तो ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा, २०११ चा. दोन्ही बरोबर आहेत, तुलना कशाशी केली ते वेगळं आहे. ब्रिटनवाल्यांनी ती चुरचुर आवाज करणारी एकदम पातळ एचडीपीई प्लॅस्टिकची पिशवी धरली, जेमतेम आठ ग्रॅमची. डेन्मार्कमध्ये दुकानात मिळते ती मुळात जाडजूड एलडीपीई प्लॅस्टिकची, त्यामुळे तिच्या बरोबरीला येणं कापसाला सोपं गेलं. ब्रिटनच्याच यादीत कागदी पिशवी ३ वेळा, जाड प्लॅस्टिकची ४ वेळा आणि नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनची (तेही प्लॅस्टिकच) ११ वेळा आहे. कागदाचे ३ ऐकायला किती छान वाटतात, पण कागदी पिशवी तीन वेळा टिकते का हा प्रश्न ज्याने सामान आणलंय त्याला विचारा.

उनाड_दुपार

सुतारपक्षी, धन्यवाद, हे मला इतकं नीट मांडता आलं नसतं. आणि शंकेखोर, तुमच्या आकड्याने माझीच बाजू भक्कम होतेय बघा. कापसाची पिशवी बनवणं महाग पडतं पर्यावरणाला, मान्य, म्हणून तर म्हणतेय की नवीन घेऊ नका आणि फुकट मिळते म्हणूनही घेऊ नका. जिथे जाल तिथे छापील पिशवी हातात देतात, आपण घेतो, आणि घरी तसल्याच पिशव्यांचा ढीग होतो. त्याच दोन पिशव्या दर आठवड्याला नेल्या तर वर्षभरात प्रत्येकीच्या ५२ खेपा होतील, वीस पिशव्या आळीपाळीने काढल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला काय येणार?

ब्रिटनमध्ये हेच झालं ना. पातळ पिशव्यांवर पैसे लावल्यावर त्या कमी झाल्या, पण दुकानांनी 'आयुष्यभराची पिशवी' म्हणून जाड प्लॅस्टिकच्या विकायला काढल्या, आणि ग्रीनपीस आणि ईआयए या पर्यावरण संस्थांनी २०१९ चा हिशोब मांडला तर तसल्या दीडशे कोटींच्या वर गेलेल्या, घरटी पन्नासहून जास्त. एका घराला वर्षाला पन्नास आयुष्यं पुरत नाहीत म्हणजे कमालच आहे.

काठापदराबाहेर

कॅलिफोर्नियात पण तेच. २०१४ चा पातळ पिशव्या बंद करणारा कायदा, लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून कायम केला, त्यात जाड प्लॅस्टिकची पिशवी 'पुन्हा वापरण्याजोगी' धरली होती. लोकांनी ती जाड पिशवीही पातळसारखीच एकदा वापरून टाकली. शेवटी २०२४ मध्ये नवीन कायदा करून २०२६ पासून तीही बंद. पिशवी जाड केली म्हणून माणूस बदलत नाही.

निमूट

आयर्लंडमध्ये मात्र चाललं. मार्च २००२ मध्ये पिशवीमागे शुल्क लावलं, माणशी वर्षाला ३२८ पिशव्या होत्या त्या २१ वर आल्या. बंदी नव्हती, दुकानात नुसतं 'पिशवी हवीय का, पैसे पडतील' एवढं विचारायचे. मला वाटतं तो प्रश्न विचारला जाणं हेच औषध. पिशवी आपोआप हातात येते तोवर आपण नको म्हणतच नाही.

रात्रपाळी

हा मुद्दा लाख बोललात. काउंटरवरच्या माणसाचा हात आपोआप पिशवीकडे जातो, आपण पाकीट काढेपर्यंत सामान भरून झालेलं असतं आणि मग 'अहो नको, काढा' म्हणायला संकोच वाटतो, आणि काढलेली पिशवी तो कधीकधी सरळ डब्यात टाकतो. उपाय एकच, सामान ठेवायच्या आधी आपली पिशवी काउंटरवर ठेवायची. तोंडाने काही बोलावं लागत नाही.

झुळूक७

मला कोणीतरी विसरण्याबद्दल सांगा ना. बाकी सगळं पटतंय, पिशव्या घरात ढिगाने आहेत, कधी दारामागे तर कधी गाडीच्या डिकीत, आणि मी दुकानात रिकाम्या हाताने उभी. परवा तर पिशवी होती, गाडीतच होती, मी आत. परत जायचा कंटाळा.

रात्रपाळी

झुळूक, ठरवून बाजाराला जातो तेव्हा कोणी पिशवी विसरत नाही. घोळ होतो ऑफिसहून येताना फोन येतो की अमुक घेऊन या, तेव्हा. म्हणून ठरलेल्या खरेदीची पिशवी आणि अचानकची पिशवी वेगळी ठेवा. ठरलेलीसाठी मोठी, रुंद तळाची, दाराच्या कडीला अडकवलेली. अचानकसाठी ती पातळ नायलॉनची मुठीएवढी घडी होणारी, रोजच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि ती त्या कप्प्यातून दुसरीकडे कुठेही हलवायची नाही. घरी आल्यावर सामान काढून झालं की पिशवी त्याच वेळी परत बॅगेत, 'नंतर ठेवू' म्हटलं की गेली. पिशवीचं विसरणं दुकानात होत नाही, आदल्या वेळी घरी आल्यावर होतं.

तिरकी_मान

आणि डिकीत राहिली तर सामान हातात, काखेत, टोपीत घेऊन यायचं. एकदा सगळ्यांसमोर डबे कोसळले की पुढे आयुष्यभर आठवण राहते.

उनाड_दुपार

तिरकी मान, हसू नका, खरंच चालतं ते. बिल झाल्यावर ट्रॉली तशीच गाडीपर्यंत न्यायची आणि तिथे पिशवीत भरायचं, परत आत जायची गरजच नाही.

शंकेखोर

मला एक विचारायचंय, कापडासारखी दिसणारी ती हलकी रंगीत पिशवी असते, वर बारीक ठिपक्यांची नक्षी असते, ती कापडी समजायची ना?

सुतारपक्षी_२

नाही हो, तेच ते नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. विणलेलं नसतं, प्लॅस्टिकचे बारीक तंतू पसरून गरम रुळाखाली दाबतात, ते ठिपके म्हणजे दाबल्याच्या खुणा. फाटलेल्या कडेचा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, सुताचं कापड कागदासारखं जळून राख होते, हे वितळून आकसतं आणि कडक मणी होतो. वाईट आहे असं नाही, वर आकडा दिलाय, ११ वेळा वापरली की कार्बनमध्ये वसूल. पण उन्हात पडली की काही काळाने कुरकुरीत होते आणि तिचा भुगा घरभर. उन्हात आणि गाडीच्या मागच्या काचेजवळ ठेवू नका, गरम पाण्यात घालू नका.

झुळूक७

आणि विरघळणाऱ्या, 'बायोडिग्रेडेबल' छापलेल्या? त्या घेतल्या तर विसरलं तरी चालेल असं वाटायचं मला.

काठापदराबाहेर

तिकडे जाऊच नका. प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी पिशव्या तीन वर्षं मातीत पुरून, समुद्रात ठेवून बघितल्या, निकाल २०१९ मध्ये आला. बायोडिग्रेडेबल लिहिलेली पिशवी तीन वर्षांनी बाहेर काढली तेव्हा तिच्यात सामान भरून नेता येत होतं! कंपोस्टेबल म्हणतात ती समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली पण मातीत २७ महिन्यांनी होतीच, फक्त वजन पेलत नव्हती. 'ऑक्सो' वाल्या (लवकर तुटावं म्हणून प्लॅस्टिकमध्ये रसायन घातलेल्या) तर युरोपियन युनियनने २०२१ पासून बंदच केल्यात, कारण त्या विरघळत नाहीत, त्यांचे तुकडे होतात.

आणि त्या रिसायकलच्या पेटीतही टाकू नका बरं. वर्गीकरणाच्या यंत्रात फिरत्या चकत्या असतात, पिशवी त्यांना गुंडाळून बसते, मग यंत्र थांबवून माणसाने आत उतरून कापून काढायची.

निमूट

धुण्याबद्दल कोणीच बोललं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत ॲरिझोना आणि लोमा लिंडा विद्यापीठांच्या संशोधकांनी गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासल्या, त्यातल्या बऱ्याच पिशव्यांत जंतू सापडले आणि पिशवी धुणारे लोक जवळजवळ नव्हतेच. पैसे रसायन उद्योगाच्या संघटनेने दिले होते, तेव्हा मथळे कोणाला हवे होते ते कळतंच. पण त्याच अभ्यासात पिशवी धुतल्यावर ९९.९ टक्क्यांहून जास्त जंतू गेले, ते मात्र मथळ्यात आलं नाही.

रात्रपाळी

आम्ही ओल्या आणि गळणाऱ्या सामानाला एकच पिशवी ठरवलीय, गडद रंगाची, तिच्यात दुसरं काही जात नाही. ती घरी आली की उलटी करून धुवायची, बाकीच्या मळल्या की. सुती असेल तर पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा शिवतानाच थोडी मोठी ठेवा. शिवण आतून पूर्ण वाळू द्या, कुबट वास तिथूनच येतो.

उनाड_दुपार

आता त्या कचऱ्याच्या डब्याबद्दल बोला कोणीतरी. घरातली पार्टी म्हणते की दुकानातल्या पिशव्या येत होत्या तेव्हा त्या डब्यात जायच्या, आता डब्यासाठी पिशव्या विकत आणाव्या लागतात, मग काय मिळवलं?

शंकेखोर

तुमच्या घरातली पार्टी माझी माणसं आहेत :) यावर अभ्यास आहे, रिबेका टेलर यांचा, २०१९ चा. कॅलिफोर्नियात बंदीमुळे दुकानातल्या पिशव्यांचं ४ कोटी पाउंड प्लॅस्टिक वाचलं, पण कचऱ्याच्या पिशव्यांची विक्री वाढून १.२ कोटी पाउंड परत आलं. लहान पिशव्यांची विक्री तर १२० टक्क्यांनी वाढली.

सुतारपक्षी_२

म्हणजे दहातले तीन परत आले आणि सात वाचले. मी तरी याला हार म्हणणार नाही. पण घरातल्या पार्टीचा मुद्दा चूक नाही, पिशवी दोनदा कामाला येत होती हे खरंच आहे. डेन्मार्कवाल्यांनी पण प्लॅस्टिकची पिशवी शेवटी डब्यात गेली असंच धरलंय. उपाय पिशवीत शोधू नका, डब्यात शोधा. सुक्या कचऱ्याच्या डब्याला पिशवी कशाला हवी, तो मळतच नाही. ओला कचरा वेगळा काढला, तळाला रद्दी कागद घातला आणि डबा रोज रिकामा करून विसळला तर तिथेही नको. कंटाळवाणं आहे, मान्य. सॅनिटरी किंवा आजारपणातल्या कचऱ्याला मात्र पिशवी लागतेच, आणि त्याला सामानाची आलेली पॅकिंगची प्लॅस्टिकं वापरा, ती घरात येतातच, पिशव्या बंद केल्या तरी.

उनाड_दुपार

पॅकिंगची वापरायची हे चांगलंय. घरी वाचून दाखवलं, 'विसळणार कोण' असं उत्तर आलंय.

तिरकी_मान

त्यावर डेन्मार्ककडे अभ्यास नाही.

झुळूक७

अवांतर. माझ्याकडे जुनी जाड चादर आणि फाटलेल्या जीन्स आहेत. दोन पिशव्या शिवायचा विचार आहे, शिवणयंत्र आहे पण हात साधाच. कुठे फाटते पिशवी, आधी काय सांभाळू?

काठापदराबाहेर

झुळूक, पिशवी फाटते ती बंद जिथे जोडलेला असतो तिथे, कापड शक्यतो जात नाही. बंद वरच्या काठाला नुसता टाचू नका. लांब पट्टी घ्या, एका बाजूने वर चढवून तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर आणा, म्हणजे वजन पट्टीवर येतं, शिवणीवर नाही. तेवढी पट्टी नसेल तर बंदाचं टोक चार बोटं खाली उतरवा, चौकोन शिवा आणि आत फुली मारा. तळाच्या कोपऱ्यांना तिरकी शिवण घालून खोका करा, सामान उभं राहतं. कडा दोनदा दुमडा, चादरीचे दोरे निघतात. जीन्सची शिवण आली की सुई मोडते, जाड सुई लावा आणि तिथे हाताने चाक फिरवा. बंद खांद्यावर जाईल एवढा लांब ठेवा, पण हातात धरली तर जमिनीला लागणार नाही इतपतच. माप घ्यायला घरातली आवडती पिशवी घ्या.

झुळूक७

वा, हे फार कामाचं. आणि सुट्ट्या सामानाला त्या बारीक जाळीच्या पिशव्या मिळतात, त्या वजनात धरतात का? तोलताना प्रत्येक वेळी तेवढे ग्रॅम जास्त लागतील ना.

रात्रपाळी

काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून टेअरचं बटण दाबायला सांगा, काटा शून्यावर येतो. पिशवीचं वजन एकदा घरी करून पक्क्या शाईने कोपऱ्यात लिहून ठेवलं तर गर्दीत नुसतं दाखवायचं. काहीजण नाही म्हणतात, तेव्हा सामान सुटं तोलून मग पिशवीत ओता. जाळीच्या विकत घेऊ नका मात्र, जुन्या पडद्याच्या जाळीच्या छान होतात, वरून नाडी घालायची.